तलावाच्या पाळीवरचा घास

उपासाला भात चालतो हे ऐकून मोठीमाय इतकी हसली, की तिला डोक्यावरची टोपली उतरवावी लागली. टोपलीत पहाटे वेचलेली मोहफुलं होती. ती टोपली बाजूला ठेवून आमच्या दारातच बसली, पदरानं डोळे पुसले आणि म्हणाली, "माय वं, भात खाऊन उपास? मंग मी जलमभर उपाशीच हावो म्हन की."

मोठीमाय म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या थोरल्या भावाची बायको. नात्यानं माझी चुलतसासू. पण सगळं गाव मोठीमाय म्हणायचं, म्हणून मीही म्हणू लागले. त्यांचं आणि आमचं घर लागून लागून, मध्ये काट्यांचं कुंपण. त्या कुंपणाला एक फट होती. तिच्यातून कोंबड्या, लहान पोरं आणि मोठीमायची मतं मोकळेपणानं ये-जा करत.

मला लग्न होऊन त्या गावात येऊन पुरं वर्ष झालेलं नव्हतं. माझं माहेर चांद्याचं, म्हणजे आजच्या चंद्रपूरचं, शहराच्या परकोटाच्या आतलं. आजोबांच्या वेळेपासून आम्ही ख्रिस्ती, त्यामुळे चर्चची, म्हणजे आमच्या बोलण्यात देवळाची, घंटा, रविवारची धुतलेली पातळं आणि सणाची वर्गणी यांच्यात मी वाढले. सासर वैनगंगेपलीकडे, गडचिरोलीच्या अंगाला, जंगल जिथे सुरू होतं तिथलं. आमचा जिल्हा तेव्हा मध्यप्रदेशात मोडायचा. गावात ख्रिस्ती घर एकच, आमचं. यजमान गावच्या शाळेत मास्तर होते, आणि गाव त्यांना मास्तर म्हणत असल्यामुळे मीही या लिखाणात त्यांना तेच म्हणणार आहे. समोरासमोर मी त्यांना काहीच म्हणत नसे. तेव्हा तशीच रीत होती.

सासऱ्यांना आमच्याकडे मामाजी म्हणतात. मामाजी जन्मानं ढीवर, म्हणजे मासेमारी करणाऱ्यांतले. तरुणपणी कसल्याशा दुखण्यानं अंथरुणाला खिळले, तेव्हा बैलगाडीत घालून त्यांना मिशनच्या दवाखान्यात नेलं. तिथून ते बरे होऊन परत आले ते ख्रिस्ती होऊनच. सोबत बायबलचं पुस्तकही आणलं होतं, पण ते वाचायला शिकायला पुढे बरीच वर्षं लागली. गावात मोठी बैठक बसली. याला भाऊबंदकीत ठेवायचं की नाही? मामाजींचे थोरले भाऊ, म्हणजे मोठीमायचे यजमान, ज्यांना आम्ही मोठेबाबा म्हणत असू, ते त्या वेळेपासूनच गावच्या ढिवरांमध्ये शब्दाला वजन असलेले. त्यांनी निवाडा दिला, की देव त्याचा त्यानं निवडला, तलाव मात्र सगळ्यांचा आहे. जोवर हा जाळं ओढायला येईल तोवर याच्या चुलीला वाटा मिळेल. त्यानंतर मामाजींनी जाळं ओढणं एकदाही चुकवलं नाही. त्यांच्या हातचं आम्ही खायचो, आमच्या हातचं ते खात नसत. यावर कोणी कधी भांडलं नाही आणि कोणी कधी बोललंही नाही.

तर उपास. राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत चाळीस दिवसांचा तो काळ. आमच्या चांद्याच्या घरी त्यात मांस, मासळी, अंडी बंद. पोटभर जेवण दिवसातून एकदाच. आणि शुक्रवारी संध्याकाळपर्यंत तोंडात काही नाही. माहेरी उपास वडील करत, आई त्यांच्यासाठी वेगळं रांधी, आणि आम्ही मुलं आईच्या मागे लपून अंडी खात असू. मी स्वतः कधी पुरा उपास केलेला नव्हता. सासरी आल्यावर पाहिलं, तर मामाजी तो दर वर्षी धरत आणि त्याबद्दल अवाक्षर बोलत नसत. मी ठरवलं, आपणही धरायचा. भक्तीचा भाग होताच, नाही असं नाही. पण नव्या सुनेला कशात तरी नाव काढायचं असतं. माझ्या भाकरी जाड होत, शेण सारवताना कोपरे सुटत, आणि विहिरीवर माझा दोर नेहमी दुसऱ्या कोणाच्या तरी दोरात गुंते. उपास तेवढा उरला होता.

मास्तरांनी त्या वर्षी राग सोडला. म्हणाले, अन्नापेक्षा अवघड गोष्ट सोडावी. मी चाळीस दिवस त्यांची परीक्षा घेतली, आणि ते पास झाले असं मला म्हणायचं आहे. पण मधल्या काळात ते जेवणानंतर लगेच बाहेर जाऊन लिंबाखाली बराच वेळ उभे राहत असत, तेही नोंदवलं पाहिजे.

मोठीमायच्या हसण्यानं मी जी चिडले ती आतल्या आत. त्यांच्या एकादशीला भात चालत नाही, डाळ चालत नाही. म्हणजे तिच्या लेखी मी रोज जेवून वर उपासाचा टेंभा मिरवत होते. मी तिला समजावून सांगायचा प्रयत्न केला, की आमच्यात काय सोडायचं याचा नियम वेगळा आहे. ती म्हणाली, बरं बरं, तुमचा देव दयाळू दिसते. ते 'दयाळू' तिनं असं उच्चारलं, की मी त्या दिवसापासून भातही सोडला.

झाडीपट्टीत भात सोडणं म्हणजे काय, ते तिथे राहिल्याशिवाय कळायचं नाही. त्या मुलखात माणूस भात खातो, भाताची पेज पितो, तांदळाच्या पिठाची भाकरी करतो आणि जे उरेल ते सकाळी शिळा भात म्हणून खातो. ख्रिस्ती नियमानं मासळी गेली, हिंदू नियमानं भात आणि डाळ गेली. दोन्ही धर्मांनी मिळून माझ्यासाठी ठेवलं होतं ते शिंगाडे, भगर आणि चिंचेचं पाणी. शिंगाडे मात्र घरात पोतंभर होते, कारण ते आमच्याच तलावातले. मी शिंगाड्याचं पीठ शिजवून खाल्लं, भाजून खाल्लं, आणि शेवटी खायला लागू नये म्हणून लवकर झोपू लागले.

त्या दिवसांत मी पुष्कळ शिकले, पण जे शिकायचं म्हणून पाद्रीसाहेब सांगत ते नव्हे. उपाशी माणसाचं नाक फार मोठं होतं, हे शिकले. कुंपणापलीकडे लसूण ठेचायला घेतला तर पाट्यावर ठेवण्याआधी मला कळत असे. मला वाटलं होतं उपासानं माणूस मऊ होतो. मी इतकी कडक झाले, की आमची गाय माझ्या हातून धार देईना. प्रार्थनेला डोळे मिटले की मला मरळ दिसे, सांभार, म्हणजे कोथिंबीर, घातलेल्या रश्श्यातली. आणि उपासाची खरी गोडी तो करण्यात नसून त्याबद्दल सांगण्यात आहे, हाही शोध मला लागला. विहिरीवर कोणी विचारलं नाही तरी मी सांगत असे. अशक्तपणाचा उसासा मी इतका छान सोडायला शिकले, की बाया कळशी उचलून द्यायला धावत.

पुढे उसाशाची गरज राहिली नाही. एक दिवस विहिरीवरून येताना खरोखरच डोळ्यांपुढे अंधारी आली, घागर फुटली आणि मी चिखलात बसले. मला उठवायला पहिली आली ती मोठीमायच. तिनं मला घरी आणून खाटेवर टाकलं, तोंडावर पाणी मारलं आणि मामाजींना हाक मारून सगळं सांगितलं: ही पोरगी भातही खात नाही, डाळही खात नाही, तुमच्या धर्मात सुना मारायची चाल आहे का?

मामाजी जाळं विणत बसले होते. त्यांना माझ्या भात सोडण्याचा पत्ताच नव्हता, कारण मी त्यांना वाढून झाल्यावर आत बसून जेवत असे. त्यांनी मला विचारलं, भात काऊन सोडला? मी सांगितलं, मोठीमाय हसली म्हणून. त्यांनी हातातली गाठ घट्ट केली. मग म्हणाले, "येशूसाठी सोडला असता तर मी काई म्हनलो नसतो. तिच्यासाठी कायले सोडते?"

मोठीमायला हे इतकं आवडलं, की तिनं स्वतः घरी जाऊन मातीच्या गाडग्यात पेज आणली आणि मी ती पिईपर्यंत माझ्या उशाशी बसून राहिली. तेव्हापासून तिनं माझा उपास आपल्या ताब्यात घेतला. फटीतून रोज चौकशी. आज काय खाल्लं, किती खाल्लं, मासोळी नाही ना? येताजाता बायांना सांगू लागली, की आमच्या धाकट्या घरची सून कडक आहे, अंड्यालाही शिवत नाही. टिंगल होती की कौतुक, हे तिला स्वतःलाही ठरवता येत नसावं.

आणि मग तलावाचं आलं.

आमच्या गावाला मोठा तलाव आहे. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं, की एक दिवस ठरवून सगळे ढीवर त्यात उतरतात, जाळी लावून पाणी या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढून काढतात, आणि जी मासळी निघेल तिचे पाळीवर, म्हणजे बांधावर, चुलीगणिक ढीग घालतात. प्रत्येक चुलीला एक ढीग. ज्या घरात वर्षभरात नवी सून आली असेल त्या घराची चूल त्या दिवशी नवी धरतात; पुढच्या वर्षावर ढकलत नाहीत. त्याची रीत अशी: पहिल्या ओढीतली एक मासोळी तिथेच पाळीवर निखाऱ्यात भाजायची, पळसाच्या पानावर घालायची, आणि वडीलधाऱ्या बाईनं ती सुनेच्या हातात द्यायची. सुनेनं सगळ्यांदेखत पहिला घास खायचा. खाल्ला, की ती या तलावाची झाली. तिच्या चुलीचा ढीग त्या दिवसापासून वेगळा, आणि पुढे तिच्या पोराबाळांच्या चुलींचाही.

ही ओढ एरवी वैशाखात होते, ईस्टर होऊन गेल्यावर. त्यामुळे मामाजींच्या इतक्या वर्षांत उपासाची आणि तलावाची गाठ कधी पडली नव्हती. त्या साली पाऊस कमी झाला होता. तलाव चैत्रातच आटला, मासोळ्या चिखलात तडफडू लागल्या, बगळे जमले. मोठेबाबांनी दिवस ठरवला. तो पडला झावळ्यांच्या रविवारनंतरच्या, ईस्टरच्या अगदी आधीच्या आठवड्यात.

निरोप घेऊन मोठीमाय आली. नवी सून गावात त्या वर्षी मी एकटीच होते. ती आनंदात होती; पाळीवर घास देण्याचा मान तिचाच. सांगता सांगताच तिच्या लक्षात आलं आणि ती थांबली. माझ्याकडे पाहून म्हणाली, एक घासच तर आहे. ती जाताना पुन्हा म्हणाली, एकच घास.

त्या रात्री जेवताना मास्तर म्हणाले, की आपली नोकरी बदलीची, उद्या दूर सिरोंच्याला टाकतील तर आपल्याला या तलावाचा काय उपयोग? ढीग गेला तर गेला. मामाजींनी ताटावरून मान वर केली. ते फार बोलणारे नव्हते.

"नोकरी बदलीची असते," ते म्हणाले. "तलाव बदलीचा नसते."

मग मला तो सगळा जुना निवाडा पहिल्यांदा नीट समजला. मोठेबाबांनी वाटा दिला होता तो मामाजींच्या चुलीला. ती चूल मामाजींबरोबर विझणार होती. पुढची चूल धरली गेली तरच मास्तर, मी आणि आमची पुढची मुलं त्या गावचे. नाही तर आम्ही गावात राहणारे, इतकंच. मामाजींनी देव बदलला होता, पण ते गावातून उठले नव्हते, आणि मुलानंही उठू नये एवढीच त्यांची इच्छा राहिली होती. मोठेबाबाही आता थकले होते. त्यांच्यानंतर कोण काय निवाडा देईल, कोणाला ठाऊक.

मी मामाजींना विचारलं, मी काय करू? ते म्हणाले, उपास तुझा आहे, तू ठरव. मला हे उत्तर आवडलं नाही. हुकूम दिला असता, तर खाल्ल्यावर मी त्यांच्यावर ढकलू शकले असते.

मी दोन दिवस विचार केला. म्हणजे मी विचार केला असं मी म्हणते. खरं तर मी मोठीमायचा चेहरा डोळ्यांपुढे आणत होते. चिखलातून उचललेली, पेज पाजलेली, अंड्यालाही न शिवणारी सून शेवटच्या आठवड्यात पाळीवर मासोळी खाताना. ती हसली असती का? आज मला वाटतं, हसली नसती. पण मी तेव्हा विशीतली होते, आणि विशीत आपल्याला हसणारे लोक फार दिसतात. देवाला काय आवडेल हा प्रश्नही मी विचारला, पण शेवटी, आणि घाईत.

ओढीच्या दिवशी अख्खं गाव पाळीवर होतं. पुरुष कमरेएवढ्या गढूळ पाण्यात, जाळ्याची दोन्ही टोकं धरून, ओरडत पुढे सरकत होते. मास्तरही लंगोट लावून उतरले होते. शाळेतली पोरं त्यांना तसं बघून खूश होती. मामाजी कडेच्या बाजूला होते, कारण मधे आता त्यांच्याच्यानं होत नसे. पहिली ओढ आली. मरळ, झिंगे, बारीक मासोळ्या, चिखलानं सगळं एका रंगाचं. मोठेबाबांनी त्यातली एक मरळ निवडून दिली. मोठीमायनं ती निखाऱ्यांत टाकली. तो वास मी लिहिणार नाही. ज्यांनी चाळीस दिवसांचा उपास केला आहे त्यांना लिहायची गरज नाही, आणि इतरांना कळणार नाही.

लोक गोल करून उभे राहिले. मोठीमायनं पान माझ्यापुढे धरलं. मी हात पुढे केला नाही.

कोणी तरी मागून म्हणालं, काय झालं वं? दुसरी म्हणाली, उपाशी हाय ना ते. एकजण म्हणाला, ढिवराची सून अन मासोळी खात नाई, मंग का पाल्यावर वाढवान का तिले? लोक हसले. मोठीमाय मात्र हसली नाही. तिनं पान थोडं आणखी पुढे केलं. तिच्या हाताला मरळीचं तेल लागलं होतं. मी बघत होते ते पानाकडे, आणि तिथे किती वेळ गेला मला सांगता येणार नाही.

मामाजी पाण्यातून वर आले. अंगावरून पाणी निथळत होतं. त्यांनी मोठीमायच्या हातातलं पान आपल्या हातात घेतलं.

"तिचा घास मी खातो," ते म्हणाले. "माह्या उपासाले लई वर्षं झाले. तिचा पयलाच हाय."

आणि त्यांनी खाल्ला. घाई केली नाही, काटे काढून, नीट चावून. ख्रिस्ती झाल्यापासून उपासाच्या काळात त्यांच्या तोंडाला मासळी लागलेली नव्हती, हे त्या पाळीवर उभ्या प्रत्येकाला माहीत होतं. सगळे मोठेबाबांकडे पाहू लागले. मोठेबाबा भावाचं खाणं संपेपर्यंत थांबले, मग हळूच म्हणाले, "हे तुह्या चुलीचं झालं, भाऊ. पोराच्या चुलीचं नाई झालं. घास सुनेनंच खाव लागते."

मामाजींनी मान हलवली. त्यांना हे आधीच माहीत असणार. तरी त्यांनी खाल्लं.

ओढ दुपारपर्यंत चालली. ढीग घातले गेले. आमच्या जुन्या चुलीचा ढीग मामाजींनी उचलला. नव्या चुलीसाठी घातलेला ढीग तसाच राहिला. तो कोणाला द्यायचा यावर दोघातिघांनी मतं दिली. तेव्हा मोठीमाय उठली, ढीग आपल्या पदरात भरला आणि म्हणाली, हा मी ठेवते. कोणासाठी, असं मोठेबाबांनी विचारलं. ती तोवर घराकडे निघाली होती. संध्याकाळी फटीतून पाहिलं, तर तिनं त्या मासोळ्या चिरून, मीठ लावून, आपल्या छपरावर वाळत घातल्या होत्या, आणि कावळे हाकायला स्वतः काठी घेऊन बसली होती.

घरी आल्यावर मामाजींनी हातपाय धुतले, चूळ भरली, आणि रात्री नेहमीसारखा वरण-भात एकदाच खाल्ला. मी वाढत होते. मला राहवेना. मी म्हटलं, मामाजी, तुमचा उपास माझ्यामुळे मोडला.

"मोडला," ते म्हणाले. "मंग? जाळं फाटते. म्हनून कोनी तलावात जानं सोडते का? गाठ मारायची, उद्या पुन्हा टाकायचं."

मी तोवर उपास म्हणजे माझ्या हातून फुटलेल्या त्या घागरीसारखी वस्तू समजत होते. एक तडा गेला की संपलं. म्हणून तर मी तो दोन्ही हातांनी धरून बसले होते आणि दुसऱ्या कशाला हात लावायला माझा हात मोकळा नव्हता. त्यांचा उपास रोज वापरातला होता, दुरुस्त केलेला. दुसऱ्या दिवशी त्यांनी तो पुन्हा धरला. उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, सूर्य मावळेपर्यंत पाणीही घेतलं नाही. माझ्या मनात पूर्वी जो उत्साह होता तो मात्र गेला होता. राहिलेले दिवस मी केवळ पुरे केले. उसासे सोडले नाहीत. विहिरीवर कोणी विचारलं तर, चाललंय, इतकंच सांगितलं. माझ्या उपासाचे तेवढेच दिवस उपासासारखे गेले असावेत, असं मला आता वाटतं. पण मी हे सांगायला लागले की मुलं म्हणतात, आई, आता पुन्हा सुरू झालीस.

ईस्टरला पाद्रीसाहेब आले. ते सायकलवरून यायचे, गावोगावची एकेक दोन दोन ख्रिस्ती घरं करत. आमच्या ओट्यावर उपासना झाली. मामाजी, मास्तर आणि मी, आणि कुंपणापलीकडून ऐकणारे इतर. पाद्रीसाहेब विचारतील, उपास कोणी पुरा केला, म्हणून मला धास्ती होती. चार आठवड्यांपूर्वी हाच प्रश्न यावा म्हणून मी उत्तर पाठ केलं होतं. काय गंमत, त्यांनी विचारलंच नाही. त्यांनी पुनरुत्थानावर थोडं सांगितलं आणि रस्त्यात दोनदा पंक्चर झाली त्यावर बरंच. प्रार्थना करून, चहा घेऊन ते पुढच्या गावी निघाले.

ते वळणापलीकडे गेले असतील नसतील, तोच फटीतून मोठीमाय आली. हातात झाकलेलं मातीचं मडकं. ती ओट्यावर चढली नाही, अंगणातच उकिडवी बसली आणि मला खाली बोलावलं.

"सुटला का वं तुहा उपास?"

मी म्हटलं, सुटला.

"पक्का? आता काई राह्यलं नाई नं तुमच्या देवाचं?"

नाही राहिलं, मी म्हटलं. तिनं मडक्यावरचं झाकण काढलं. आत त्याच ढिगातली सुकी मासोळी होती, जवसाच्या तेलात परतलेली, वर लाल तिखट. तिनं पळसाचं पानही घरून आणलं होतं. पानावर एक तुकडा घातला आणि पाळीवर धरलं होतं तसंच माझ्यापुढे धरलं. मामाजी ओट्यावर खांबाला टेकून बसले होते. ते दुसरीकडे पाहत होते, पण हातातली विडी त्यांनी पेटवली नव्हती.

मी खाल्लं. मासोळी खारट होती, एका बाजूनं करपलेली, आणि काटा लागून मला ठसका आला. मोठीमायनं पाठीवर थापट्या मारल्या. मग ती उभी राहिली आणि कुंपणाकडे तोंड करून, अख्ख्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात मोठेबाबांना म्हणाली, "खाल्लं हो इनं. धरा चूल."

पलीकडून मोठेबाबा खोकले, आणि त्यांनी विचारलं की पाळीवर नाही तर अंगणात खाल्लेलं चालते का. मोठीमाय म्हणाली, चालते, मी सांगून राह्यली ना. मग ते म्हणाले, बरं.

मामाजींनी विडी पेटवली. मोठीमायनं मडकं माझ्या हातात दिलं, उरलेलं मास्तरांना घाल म्हणाली, आणि फटीतून वाकून परत गेली.